होकायंत्र पाण्याखाली गेलं कसं

मालवणला पाणी गढूळ असतं त्या दिवशी डायव्हरला आपल्याच पायातल्या फिनची टोकं धड दिसत नाहीत. बुडबुड्यांवरून वर कुठे ते कळतं, पण बोट कोणत्या अंगाला राहिली ते कळत नाही. मग उजवा हात समोर ताठ करायचा, डाव्या हाताने त्याचं कोपर धरायचं आणि डाव्या मनगटावरचा कंपास डोळ्यांसमोर आणून त्याच्या रेघेवर पोहत राहायचं.

चुंबकसुई जुनीच, चीनच्या शेन को यांनी 1088 च्या सुमारास तिचं वर्णन केलं आहे. पाण्याखालच्या कंपासची खरी गोष्ट मात्र सुईची नाही, तिच्याभोवती भरलेल्या द्रवाची आहे. कोरडी सुई चालताना थरथरते. फिनलंडच्या टुओमास वोहलोनेन यांना त्याचाच वैताग होता. म्हणून त्यांनी द्रव भरून पक्का बंद केलेला, हातात मावणारा कंपास मोठ्या संख्येने बनवायची पद्धत काढली आणि 1936 मध्ये सुंटो कंपनी सुरू केली. डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते जंगलातून वाट काढणारं.

पण दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. डबीत हवा असेल तर ती आकसते आणि काचेवर ताण येतो. द्रव जवळपास दबतच नाही. एका ब्रिटिश हौशी डायव्हरने हा जमिनीवरचा कंपास पाण्यात नेला आणि तो छान चालला, असं सांगतात. 1965 मध्ये सुंटोने खास डायव्हिंगसाठी एसके-4 काढला.

त्याआधी ही गरज लष्कराची होती. इटलीच्या नौदलाच्या डायव्हरांसाठी फ्लॉरेन्सच्या पानेराईने रात्री चमकणारे मनगटी कंपास बनवले होते. याच दलातल्या सहा जणांनी डिसेंबर 1941 मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. हौशी माणसाला ही गरज पडू लागली ती कूस्तो आणि गान्यां यांच्या 1943 च्या ॲक्वालंगनंतर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहायचं साधन आल्यावर.

सुईला जवळचं लोखंड किंवा विजेचा प्रवाह सोसत नाही, हे आपल्याकडे वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम 1904 मध्ये उभारलेल्या अलिबागच्या वेधशाळेत हलवावं लागलं, आणि ती इमारतही लोखंड टाळून बांधली. डायव्हरच्या बाबतीत ट्रामच्या जागी पोलादी सिलिंडर असतो, नाहीतर बुडालेलं जहाज.

दुसरी अडचण सुईच्या कलाची, म्हणजे तिच्या खाली झुकण्याची. फिनलंडात सुईचं उत्तर टोक चांगलंच खाली झुकतं, म्हणून तिथल्यासाठी बनवताना दुसऱ्या बाजूला वजन देतात. आपल्याकडे कल बराच कमी. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे सुई आडवीच राहते ती रेघ, केरळात थुंब्याजवळून जातं. फिनलंडसाठी बनवलेला कंपास इथे आणला की दक्षिण टोक खाली येतं, सुईबरोबर फिरणारी आकड्यांची तबकडी घासते आणि दिशा बदलली तरी आकडा आहे तिथेच अडकून राहतो. अशा वेळी इथले डायव्हर मनगट थोडं तिरकं करतात, तबकडी पुन्हा मोकळी फिरेपर्यंत.