रिफ्लेक्सॉलॉजी शिकायचंय? फी भरायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्या खुर्चीत पाय सैल सोडून बसलेला माणूस पंधराव्या मिनिटाला दोनपैकी एक गोष्ट करतो, एकतर घोरायला लागतो नाहीतर विचारतो, हे शिकायला किती दिवस लागतात हो. घोरणाऱ्यांना आम्ही झोपू देतो, हे पत्रक त्या विचारणाऱ्यांसाठी आहे.

आधीच सांगून ठेवतो की आम्ही स्वतः कोर्स चालवत नाही, कुठल्या क्लासकडून कमिशनही घेत नाही. आमचं रिफ्लेक्सॉलॉजीचं, म्हणजे पायाच्या ठराविक जागा अंगठ्याने दाबून देण्याचं, तीन खुर्च्यांचं छोटं सेंटर, पण मदतनीस ठेवताना लोकांची सर्टिफिकेटं हातात घेऊन बघायला लागतात आणि ती बघून बघून जे कळलंय ते इथे लिहिलंय.

मागे एक ताई कामासाठी आल्या होत्या, सर्टिफिकेट एकदम झकास, सोनेरी शिक्का, खाली कुठल्याशा इंटरनॅशनल बोर्डाचं नाव, फ्रेम करून आणलेलं. आम्ही बोर्डाचा फोन नंबर शोधला तर तो क्लासचाच निघाला, पत्ता पण तोच! म्हणजे शिकवणारे तेच, परीक्षा घेणारे तेच आणि मान्यता देणारे पण तेच. ताई बिचाऱ्या प्रामाणिक होत्या, त्यांनी दोन दिवस मन लावून शिकलं होतं, पैसे पण भरपूर भरले होते. फसल्या कुठे तर त्यांनी क्लासवाल्यांना विचारलं "सर्टिफिकेट मिळेल ना?", आणि ते तर मिळणारच होतं. विचारायला हवं होतं ते हे, की तुमचं सर्टिफिकेट खरं आहे हे मी तुमच्याशिवाय आणखी कोणाकडे तपासू शकते?

मान्यताप्राप्त, पण कोणाची मान्यता

नीट रेग्युलेटेड कोर्समध्ये तीन वेगळे लोक असतात. शिकवणारा क्लास एक, परीक्षेचे नियम ठरवून सर्टिफिकेट देणारी संस्था दुसरी, आणि त्या संस्थेवर लक्ष ठेवणारा नियामक तिसरा. इंग्लंडचं उदाहरण घ्या कारण तिथे हे फार स्पष्ट आहे. ऑफक्वॉल नावाचा सरकारी नियामक आहे, त्याच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक मान्य क्वालिफिकेशनचा स्वतःचा नंबर असतो आणि तो नंबर घरबसल्या कोणीही टाकून बघू शकतो, रिफ्लेक्सॉलॉजीचा लेव्हल ३ डिप्लोमा तिथे अशाच नंबराने सापडतो. क्लासवाल्याने नंबर दिला नाही, किंवा दिला आणि रजिस्टरमध्ये भलताच कोर्स निघाला, तर विषय संपला. आणि एवढं पण पुरेसं नाही हं, क्वालिफिकेशन खरं असलं तरी तो क्लास ते शिकवायला मंजूर आहे का हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला परस्पर मेल करून विचारायचं, क्लासच्या माहितीपत्रकावर छापलेल्या नंबरवर फोन करून नाही, नंबर स्वतः शोधून.

आता एक गोष्ट जिथे सगळेच गोंधळतात. कोर्स रेग्युलेटेड असणं वेगळं आणि धंदा रेग्युलेटेड असणं वेगळं. त्याच ब्रिटनमध्ये रिफ्लेक्सॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला कायद्याने काहीच लागत नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो, म्हणून तिथे २००८ साली सीएनएचसी नावाची नोंदणी संस्था उभी राहिली, ती ऐच्छिक आहे पण ठरलेल्या दर्जाचं शिक्षण आणि विमा असल्याशिवाय आत घेत नाही. दक्षिण आफ्रिकेत उलटं, तिथे १९८२ च्या कायद्याखाली असलेल्या परिषदेकडे रिफ्लेक्सॉलॉजिस्टला नोंदणी करावीच लागते. अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळे, आणि १९९१ पासून एआरसीबी नावाचं एक स्वतंत्र मंडळ आहे जे स्वतः कोर्स विकत नाही, फक्त परीक्षा घेतं, लेखी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं आणि केलेल्या सेशनच्या नोंदी तपासणं वेगळं. आम्हाला स्वतःला ही पद्धत सगळ्यात आवडते कारण शिकवणारा आणि पास करणारा एकच असला की नापास कोण करणार?

म्हणून कोर्स शोधायच्या आधी ठरवा की काम कुठे करायचंय. तिथे कायद्याने नोंदणी लागते का, नसेल तर बरीशी ऐच्छिक नोंदणी संस्था आहे का, आणि ती कुठलं शिक्षण मान्य करते हे तिच्याच तोंडून काढा, मग उलट्या दिशेने कोर्सपर्यंत या. बहुतेक जण आधी फी भरतात आणि मग विचारत फिरतात की हे चालेल का.

मान्यतेसारखे दिसणारे कागद

आयएसओ सर्टिफाइड. हे फार चालतं. आयएसओ ९००१ म्हणजे त्या संस्थेची कामकाजाची व्यवस्था ठरलेल्या पद्धतीची आहे, बस, तिथे पायाला हात कसा लावायचा हे कोण शिकवतं आणि बरोबर शिकवतं का याच्याशी त्याचा काही संबंध नाही. संस्था रजिस्टर्ड आहे असं सांगतात, ते तर कंपनी असो ट्रस्ट असो रजिस्टर असणारच, किराणा दुकान पण रजिस्टर असतं. मग सीपीडी मान्यता, हा खोटा कागद नाही पण तो आधीच शिकलेल्या माणसाने ज्ञान ताजं ठेवायला करायच्या कोर्ससाठी असतो, त्यावर नव्याने सुरुवात करता येत नाही. "ॲक्रेडिटेड" शब्द दिसला की लगेच पुढचा प्रश्न, कोणाकडून, आणि त्या कोणाला कोणी मान्यता दिलीय. दोनदा विचारलंत की बरेचसे कागद गळून पडतात.

विम्याचं पण असंच. विमा कंपनी कव्हर देते म्हणजे कोर्स चांगला असं नाही, पण देत नसेल तर मात्र काहीतरी गडबड आहे. कोर्सचं नाव घेऊन विमा कंपनीला आधीच विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

व्हिडिओ बघून अंगठा तयार होत नाही

ऑनलाइन कोर्सबद्दल आमचं मत थोडं कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. शरीररचना, शरीरक्रिया, नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं घरी बसून शिका, खुशाल शिका. पण पायाच्या एका पंजात २६ हाडं असतात आणि प्रत्येक माणसाच्या पायाची कातडी, घट्टे, सूज, गुदगुल्या वेगळ्या, तिथे अंगठा अळीसारखा वाकवत वाकवत पुढे न्यायचा, ज्याला थंब वॉकिंग म्हणतात, त्याचा प्रेशर किती हे दुसऱ्याने तुमचा हात धरून सांगितल्याशिवाय कळतच नाही. वर शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या पायावर तुम्ही सेशन द्यायला हवं, म्हणजे तो म्हणेल की जास्त झालं, कमी झालं, आता नुसतं खाजवतोयस. कॅमेऱ्यातून हे कसं कळणार?

त्यामुळे विचारा की समोरासमोरचे तास किती, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि परीक्षेआधी किती वेगवेगळ्या माणसांवर सेशन करून त्याची लेखी नोंद द्यावी लागते. वेगवेगळ्या माणसांवर, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर घरच्या एकाच माणसाचे पाय चाळीस वेळा दाबून वही भरणारे पण असतात. एकाच माणसावर ओळीने काही सेशन करून त्यात काय बदल दिसला हे लिहायला लावतात तो कोर्स चांगला समजा. आणि तुमच्या स्वतःच्या अंगठ्याची काळजी कशी घ्यायची, खुर्चीची उंची किती, मनगट सरळ कसं ठेवायचं हे शिकवतात का ते पण विचारा, अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखायला लागून काम सोडलेली माणसं आम्ही बघितलीत.

कधी हात लावायचा नाही हे शिकवतात का

सिलॅबसमध्ये आम्ही सगळ्यात आधी हे पान शोधतो. वर ज्या ताईंचं सांगितलं त्यांना आम्ही एक दिवस बसवून बघितलं, एक काका आले, एकच पोटरी सुजलेली, गरम लागत होती, दुखत पण होती, आणि ताई तेल घेऊन सुरू करणार तेवढ्यात आम्ही थांबवलं. अशी एकाच पायाची सूज म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तिथे चोळाचोळी नाही, तडक डॉक्टर. काकांना तसंच पाठवलं. ताईंना दोन दिवसांत हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना फक्त कुठल्या जागी दाबलं की कुठला अवयव एवढंच पाठ करून घेतलं होतं.

नीट कोर्समध्ये ताप, संसर्ग, उघडी जखम, मोडलेलं हाड, गरोदरपण हे सगळं येतं, डायबिटीस तर विस्ताराने यायला हवा कारण कित्येकांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, तुम्ही जास्त दाबताय हे त्यांना जाणवतच नाही आणि तळव्यावरची छोटी जखम त्यांनी स्वतः बघितलेली नसते. पहिल्या सेशनआधी काय काय विचारायचं, संमती कशी घ्यायची, माणसाने सांगितलेलं आपल्यापाशीच कसं ठेवायचं, हात आणि टॉवेल कसे स्वच्छ ठेवायचे, प्रथमोपचार, हे कंटाळवाणे विषय आहेत पण ते नसतील तर कोर्स अर्धाच आहे.

इतिहास आणि दाव्यांबद्दल

हे वाचून काहींना राग येईल पण आम्ही रोज हेच काम करतो म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. बऱ्याच माहितीपत्रकांवर इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या थडग्याचं चित्र असतं, कोणीतरी कोणाचा तरी पाय धरलाय, खाली लिहिलेलं हजारो वर्षांची विद्या. चित्र खरं आहे, पण त्यात नेमकं काय चाललंय यावर अभ्यासकांचं एकमत नाही, नखं कापणं पण असू शकतं. आज जे शिकवतात त्याचं मूळ बरंच अलीकडचं, अमेरिकेतले कान नाक घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे उभे दहा झोन, म्हणजे पट्टे, मांडले ते १९१० च्या दशकात, आणि युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात त्यावरून पायाचा नकाशा तयार केला, बोटं म्हणजे डोकं, चवड्यापाशी छाती, मधल्या खोलगट भागात पोट, आतल्या कडेला पाठीचा कणा. ॲक्युप्रेशर वेगळं, ते चिनी मेरिडियनवर, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या मार्गांवर चालतं, आणि कोर्सवाला दोन्ही एकच आहे म्हणाला तर त्याला स्वतःलाच एखादा कोर्स सुचवा.

वेगवेगळ्या शाळांचे फूट चार्ट पण एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे चांगला शिक्षक लपवत नाही, उलट पहिल्याच दिवशी सांगतो.

पुराव्याचं बोलायचं तर २००९ मध्ये पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी १८ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या आणि रिफ्लेक्सॉलॉजीने एखादा आजार बरा होतो असं पटण्यासारखं काही दिसत नाही असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यानंतर एप्रिल २०१९ पासून आरोग्य विम्याच्या सवलतीतून रिफ्लेक्सॉलॉजी काढली गेली. मग लोक येतात कशाला? निवांत वाटतं म्हणून येतात, झोप लागते, ताण उतरल्यासारखा होतो, आणि तासभर कोणीतरी शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं म्हणून येतात. आम्ही एवढंच विकतो. ब्रिटनमध्ये तर जाहिरातीत साधारण एवढंच म्हणता येतं, विश्रांती, मूड, झोप, ताण, त्याच्या पुढे जाऊन आजाराचं नाव घेतलं की जाहिरात नियामक पुरावा मागतो.

म्हणून जो कोर्स सांगतो की पाय बघून किडनीचा विकार ओळखायला शिकवू, औषधं बंद करायला लावू, कॅन्सरपर्यंत सगळ्यावर पॉइंट आहेत, तिथून चपला घालून निघा. सर्टिफिकेट कितीही खरं असलं तरी. रोगाचं निदान करणं हे आपलं काम नाही, आणि कोणाची गोळी तुमच्या सांगण्यावरून बंद झाली आणि काही झालं तर तो क्लासवाला तुमच्या बाजूला उभा राहणार नाहीये.

पैसे आणि बाकीचं

फीमध्ये परीक्षा फी, नोंदणी फी, पुस्तकं, मॉडेल म्हणून येणाऱ्या माणसांची सोय, काय काय धरलंय ते लेखी घ्या. मध्येच सोडावं लागलं तर किती परत मिळेल ते पण. "आज भरलंत तर अर्धी फी" ऐकलं की एक आठवडा थांबा, खरा कोर्स आठवड्यात पळून जात नाही. एक वर्ग बसून बघू देतात का विचारा. जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वेबसाइटवरून नका वाचू, नोंदणी संस्थेच्या यादीत त्या क्लासचे किती विद्यार्थी खरोखर आहेत ते बघा आणि त्यातल्या एकदोघांना फोन करा, लोक मोकळेपणाने बोलतात, निदान आमच्याशी तरी बोललेत.

पगाराची किंवा कमाईची हमी देणाऱ्यांबद्दल आम्ही काही लिहीत नाही, तुम्ही समजदार आहात.

एखाद्या कोर्सचं माहितीपत्रक हातात असेल आणि कळत नसेल तर पुढच्या सेशनला येताना घेऊन या. क्वालिफिकेशन नंबर, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव आणि समोरासमोरचे तास या तीन गोष्टींवर पेनाने गोल करून आणा, पाय पाण्यात बुडवून बसलात की तेवढ्या वेळात आपण एकत्र तपासून टाकू. तिन्हीपैकी एकही सापडलं नाही, तर गोल न करता कागद तसाच आणा.