कळ कोणाच्या हातात?

जितकी खुर्ची मोठी तितका ताण मोठा, ही समजूत इतकी रुळलेली आहे की एखाद्या साहेबाला अल्सर झाल्याचे कळले तरी कोणाला नवल वाटत नाही. (पोटातल्या बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे २००५ च्या नोबेल पारितोषिकानंतरही अनेकांच्या गावी नाही.) या समजुतीवर प्रयोगशाळेचा शिक्का बसला तो १९५८ साली. मानसशास्त्रज्ञ जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या चार जोड्या खुर्च्यांना जखडल्या. जोडीतल्या एका माकडाने कळ वेळेवर दाबली तर दोघांचाही विजेचा झटका टळत असे आणि ते चुकले तर दोघांनाही बसत असे. दुसऱ्याच्या हाताशी असलेली कळ मात्र नुसती शोभेची होती. अल्सर झाले ते कळ दाबणाऱ्या, म्हणजे ‘अधिकारी’ माकडांना.

मात्र अधिकारीपदासाठी माकडे निवडताना, पूर्वचाचणीत भराभर कळ दाबणारीच उचलली गेली होती; म्हणजे दोन्ही गट मुळातच सारखे नव्हते. मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी पुढे उंदरांची विभागणी यदृच्छेने केली, तेव्हा निकाल उलटला. झटके जोडीतल्या दोन्ही उंदरांना तेवढेच बसले, तरी चाक फिरवून ते थांबवू शकणाऱ्या उंदराच्या जठरात जखमा कमी निघाल्या. वाइस यांचा यापुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. चाक फिरवण्याच्या कृतीलाच त्यांनी झटक्याची शिक्षा जोडली, आणि मग नियंत्रण असलेल्या उंदरांची अवस्था असहाय उंदरांपेक्षाही वाईट झाली.

या ताणाला आवरणारा एक लगाम मेंदूत असतो. मेंदूच्या देठातील डॉर्सल राफे या केंद्रकातून (चेतापेशींच्या पुंजक्यातून) सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन स्रवते आणि अटळ झटक्यांच्या वेळी हे केंद्रक अतोनात उत्तेजित होते. झटका आपल्या हालचालीने थांबतो हे कळले की कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मध्यभाग त्या केंद्रकाला आवर घालतो. स्टीव्हन मायर यांच्या गटाने २००५ साली हा मध्यभाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला, तेव्हा झटका थांबवू शकणारे उंदीरही असहाय उंदरांसारखेच वागू लागले. झटका मुळात सर्व प्राण्यांना सारखाच धक्का देतो; नियंत्रणाची जाणीव त्यावर वरून लगाम कसते.

माणसांतली निरीक्षणे याला धरूनच आहेत. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, ही जोडगोळी सर्वांत घातक असते. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांत नव्हे, तर सर्वांत खालच्या श्रेणीत अधिक आढळले. २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात नेतृत्वपदावरील व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक इतरांपेक्षा कमी होते, आणि त्याचा धागा नियंत्रणाच्या जाणिवेशी जुळत होता. अर्थात अशी निरीक्षणे कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. ताण कमी घेणारी माणसेच वर चढत असतील, हीदेखील शक्यता उरते.

म्हणूनच मधल्या फळीतील व्यवस्थापकाला ‘सक्षमीकरणा’च्या कार्यशाळेला धाडण्याचा मला कंटाळा येतो. कामाचे वेळापत्रक त्याने आखायचे, वरून ते फिरवले जायचे आणि उशीर झाला की जाब मात्र त्यालाच विचारला जायचा; ही अवस्था कळ नसलेल्या माकडाची नव्हे, तर चाक फिरवल्याबद्दल झटका खाणाऱ्या उंदराची आहे.