एकाची पाच मिनिटं, बाकीच्यांचा दीड तास

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात रेड म्हणजे गटाने मिळून बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, हरवण्याची मोहीम. तिची सर्वांत अवघड, म्हणजे मिथिक पातळी 20 खेळाडूंसाठी बेतलेली असते. बॉसची ताकद, साथीदारांना बरं करणाऱ्या हीलरवर येणारा भार, मारा करायला मिळणारा वेळ, सगळं त्याच आकड्यावर. रात्री साडेनऊची वेळ ठरली आणि एक जण पाच मिनिटं उशिरा आला, तर उरलेल्या 19 जणांची मिळून 95 मिनिटं जातात. नागपुरात दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून, जेवणं आटोपून बसलेल्या माणसांची ही मिनिटं असतात. गिल्डच्या, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटाच्या, वर्तननियमांचा विचार इथून सुरू करायला हवा.

बहुतेक नियमावल्यांची पहिली ओळ असते, 'सगळ्यांशी आदराने वागा'. ओळ चांगलीच आहे. पण ती मोडली की नाही, हे गिल्ड चालवणारे दोन ऑफिसर दोन प्रकारे ठरवतात आणि भांडण तिथेच पेटतं. 'ठरलेल्या वेळेनंतर 10 मिनिटांत निरोप नाही आला, तर जागा राखीव खेळाडूला' हा नियम मात्र घड्याळ बघून कुणालाही तपासता येतो. दोघांना सारखाच दिसेल असा नियम टिकतो, बाकीचे कागदावर राहतात.

हजेरीचं गणित आधी पाहू. समजा प्रत्येक सदस्य भरवशाचा आहे, 100 पैकी 95 रात्री वेळेवर येतो. मग 20 च्या 20 जण हजर असण्याची शक्यता किती? 0.95 हा आकडा 20 वेळा मांडून गुणायचा. उत्तर येतं जेमतेम 0.36. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन रात्री कुणी ना कुणी कमी पडणार, आणि त्यात कुणाचाही हलगर्जीपणा नसेल! हे गणित माहीत नसलं की गिल्ड मास्टर दर दुसऱ्या दिवशी चिडतो. उपाय राखीव खेळाडूंचा. 22 जणांनी नावं दिली तर किमान 20 हजर असण्याची शक्यता 90 टक्क्यांवर जाते, 23 जणांनी दिली तर 97 टक्क्यांवर. फायनल फँटसी 14 या खेळातल्या आठ जणांच्या गटात एकच जादा माणूस धरला, की 66 चे 93 टक्के होतात. मात्र राखीव बसणाऱ्यालाही त्या रात्रीचे हजेरीचे गुण पूर्ण द्यायचे आणि पाळी फिरती ठेवायची. नाही तर तीन आठवड्यांत तो दुसऱ्या गिल्डमध्ये गेलेला असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

या गणिताच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येकाची अडचण स्वतंत्र. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात ते गृहीतच कोसळतं. मनीषनगरची वीज गेली, की तिथले चारही सदस्य एका क्षणात गायब. चौघांचे 95 टक्के तेव्हा काही कामाचे नसतात. म्हणून यादी करताना दोन्ही मुख्य हीलर एकाच वस्तीतले नकोत. एक धरमपेठेतला असेल तर दुसरा नंदनवन किंवा हिंगण्याकडचा बरा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण राउटर बंद पडला की ती असून नसल्यासारखी. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस या अडचणीवर स्वस्तातला उपाय आहे. आणि नियम असा: येणार नसाल तर चार तास आधी कळवा, वीज गेली तर मोबाइलवरून 'लाइट गेली' एवढे दोन शब्द पुरे. कारणाची चौकशी करायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असलेल्यांना तर सरळ दीर्घ रजा द्यावी, आल्यावर रँक तीच.

आता आवाज. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही. व्हॉइस चॅटचा माइक 'आवाज आला की सुरू' या सेटिंगवर असला, तर कूलरच्या पंख्याची सलग घरघर ती मर्यादा ओलांडते आणि माइक बंदच होत नाही. मग रेड लीडर 'डावीकडे व्हा' म्हणतो ते निम्म्यांना ऐकूच जात नाही. गोंगाट गाळणारी सॉफ्टवेअर अशा एकसुरी आवाजावर बऱ्यापैकी चालतात, पण त्यासोबत शब्दांची टोकंही कापतात. 'नको' मधला 'न' गेला तर काय उरतं, बघा. बटण दाबूनच बोलायचं, हा नियम सगळ्यांना. लढाई चालू असताना फक्त ठरलेले दोघे-तिघे बोलतील. बाकी गप्पा बॉस पडल्यावर.

ऐकणं सक्तीचं असावं, बोलणं नाही. यामागे ठोस कारण आहे. हेलो 3 या खेळात कुझनेकॉफ आणि रोझ या संशोधकांनी आधी रेकॉर्ड केलेली तीच वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात वाजवून पाहिली. बाईच्या आवाजाला मिळालेले वाईट शेरे पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट होते. जी मुलगी माइकवर बोलत नाही, तिला 'तू खरंच मुलगी आहेस का, बोलून दाखव' असं म्हणणं हाच नियमभंग मानला पाहिजे. ही बाब आम्हाला इतर सगळ्या नियमांपेक्षा महत्त्वाची वाटते.

लेखी चॅटची अडचण निराळी आहे. नागपुरात 'काऊन बे, कुठं हायेस' ही मायेची हाक आहे. तीच पुण्या-कोल्हापूरच्या नव्या सदस्याला पडद्यावर वाचून शिवीसारखी टोचते, कारण बोलण्यातला सूर अक्षरांत उतरत नाही. क्रूगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने 2005 मध्ये याचाच अभ्यास केला होता. ईमेलमधला टोमणा समोरच्याला कळेलच, अशी लिहिणाऱ्यांना खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज नाणेफेकीहून थोडाच बरा निघाला. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो, म्हणून त्याला चूक दिसतच नाही. त्यामुळे पहिले दोन आठवडे नव्या माणसाशी 'बे' नको, आणि 'मला असं बोललेलं चालत नाही' असं कुणी म्हटलं की विषय तिथे संपला. हेतू काय होता, यावर वाद घालत बसायचं नाही. शिवाय टोपणनाव असलं, समोर चेहरा नसला, की माणसाची जीभ सैल सुटते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये याची कारणं उलगडून मांडली. तोच सैलपणा कधी कधी माणसाला मन मोकळं करायलाही मदत करतो, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

रेडमध्ये कुणी आगीत उभं राहून मेलं, की पहिला शब्द निघतो 'आंधळा आहेस का'. इथे अंतर मोजा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. समजा खेळाचा सर्व्हर सिंगापूरला आहे. नागपूर ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण 3,500 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 7,000. सगळं आदर्श असलं तरी 35 मिलिसेकंद लागणारच. केबल काही सरळ रेषेत जात नाही, मधे अनेक राउटर असतात, त्यामुळे खरा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, याहून बराच जास्त येतो. युरोपातल्या सर्व्हरला हे अंतर दुपटीच्या घरात जातं. त्यात एखाद्याचं वायफाय अडखळलं, तर त्याच्या पडद्यावर आग दिसते तेव्हा सर्व्हरच्या लेखी तो जळून गेलेला असतो. दुसऱ्याची परिस्थिती न बघता त्याची चूक त्याच्या स्वभावाला चिकटवायची, या माणसाच्या खोडीवर मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये विस्ताराने लिहिलं. म्हणून नियम: मेल्यानंतर लगेच नाव घेऊन बोलायचं नाही. लढाईचा लॉग, म्हणजे तिची नोंद, उघडायचा, तीन प्रयत्नांत तोच माणूस त्याच जागी मेला असेल तरच विचारायचं, आणि पहिला प्रश्न 'पिंग किती आहे' हाच.

गिल्ड फुटतात त्या मात्र बहुधा लुटीवरून. बॉसकडून मोजक्याच वस्तू मिळतात आणि हव्या असणारे अनेक असतात. फासे टाकून वाटलं तर कुणावर पक्षपाताचा आरोप होत नाही, पण सहा महिने रोज येणाऱ्याच्या हातून काल आलेला वस्तू घेऊन जातो. 1999 साली आलेल्या एव्हरक्वेस्टच्या खेळाडूंनी यावर गुणांची पद्धत काढली, डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स): हजेरीचे गुण साठवायचे, वस्तू घेताना खर्चायचे. तिचा दोष दिसायला वेळ लागतो. जुने सदस्य गुण दाबून ठेवतात, साठा फुगत जातो, आणि नव्याला वर्षभर काही मिळण्याची आशा उरत नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचे 10 टक्के गुण कापले, तर जुना साठा सात आठवड्यांत निम्म्याखाली येतो आणि ही कोंडी फुटते. तिसरी पद्धत म्हणजे ऑफिसरांच्या समितीने ठरवायचं. गटाच्या ताकदीसाठी ती सर्वांत फायद्याची आणि भांडणासाठीही! ती वापरायची असेल तर तीन गोष्टी हव्यात. कोणती वस्तू आधी कोणत्या भूमिकेला, हे रेडच्या आधी लिहून ठेवायचं. समितीतल्याने स्वतःला हवी असलेल्या वस्तूच्या वेळी बाहेर बसायचं. आणि निर्णयाचं कारण एका ओळीत सगळ्यांसमोर मांडायचं. थिबो आणि वॉकर या संशोधकांनी 1975 मध्ये न्यायप्रक्रियेच्या अभ्यासातून दाखवलं होतं, की आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असेल तर निकाल विरुद्ध गेला तरी माणसं तो बऱ्याच अंशी मान्य करतात.

गिल्ड बँकेत, म्हणजे खेळातल्या सामाईक पेटीत, औषधं आणि साहित्य टाकायचं कुणी, हा प्रश्न तर प्रयोगशाळेत जसाच्या तसा तपासला गेला आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या 2002 मधल्या प्रयोगात चौघांच्या गटात प्रत्येकाला 20 एकक पैसे मिळत. सामाईक पेटीत टाकलेल्या प्रत्येक एककामागे चौघांनाही 0.4 मिळायचे. गटाचा फायदा 1.6, टाकणाऱ्याचा स्वतःचा तोटा 0.6. फेऱ्या होत गेल्या तशी पेटी आटत गेली. मग स्वतःच्या खिशातून खर्च करून फुकट्याला दंड करण्याची सोय दिली, आणि पेटी पुन्हा भरू लागली. पण शिक्षेचा अधिकार सगळ्यांच्याच हाती देणं धोक्याचं आहे: 16 शहरांतल्या 2008 च्या तशाच अभ्यासात काही ठिकाणी लोकांनी भरपूर देणाऱ्यांनाच दंड ठोकले. म्हणून दंड ऑफिसरांनी करावा आणि काढण्याची मर्यादा खेळातल्याच रँकच्या सेटिंगमध्ये घालावी. नव्या सदस्याला पहिले 30 दिवस बँकेत टाकता यावं, काढता येऊ नये. नोंदी आठवड्याला तपासाव्यात, कारण जुन्या नोंदी पुढे पुसल्या जातात.

शिक्षा किती, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडून शिकावं. गावांनी पाणी आणि कुरणं शेकडो वर्षं कशी सांभाळली, हे शोधणाऱ्या या संशोधक बाईंना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत पहिला दंड अगदी लहान असतो, तो पुढे चढत जातो आणि नजर ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच असतो, असं त्यांना आढळलं. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी सामाईक असलं की वाटपाचे नियम आपसांत ठरवावे लागतात, हे वेगळं सांगायला नको. गिल्डमध्ये ही पायरी अशी: पहिल्यांदा 24 तासांच्या आत एका ऑफिसरचा खासगी निरोप, चारचौघांत नाही. 30 दिवसांत दुसऱ्यांदा झालं तर लेखी नोंद. तिसऱ्यांदा दोन रेड बाहेर. चौथ्यांदा रँक खाली. 60 दिवस नीट गेले की नोंद पुसायची. पहिली पायरी सौम्य ठेवण्याला आधार आहे: लीग ऑफ लेजंड्सच्या कंपनीने आपल्याच खेळातली शिवीगाळ तपासली, तेव्हा तिचा मोठा भाग सराईत त्रासदायक खेळाडूंचा नसून, एरवी नीट खेळणाऱ्यांच्या एखाद्या वाईट दिवसाचा निघाला.

पायऱ्या न चढता थेट बाहेर, अशा गोष्टी मोजक्याच ठेवाव्यात आणि नावानिशी लिहाव्यात: जात, धर्म किंवा लिंगावरून शिवी, धमकी, कुणाचा पत्ता-फोन-फोटो उघड करणं, अल्पवयीन सदस्याला खासगीत त्रास देणं, बँकेतली चोरी. काढताना क्रम चुकवू नये. आधी पुराव्याचे स्क्रीनशॉट, मग बँकेची परवानगी बंद, मग व्हॉइस सर्व्हरवरची परवानगी काढायची, त्यानंतर गिल्डमधून काढायचं आणि शेवटी त्याला कारण कळवायचं. उलटा क्रम केला तर कारण वाचता वाचताच तो बँक रिकामी करतो. उरलेल्या सदस्यांना त्याच रात्री दोन ओळी पाठवाव्यात: कोणता नियम मोडला आणि निर्णय कोणी घेतला. ज्याला त्रास झाला, त्याचं नाव त्या ओळींत नको.