पार्श्वभूमी: उंची वाढवणारी गोळी बंद, उंची वाढवणारा डबा चालू

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं की बोर्नव्हिटासह सगळी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या रकान्यातून काढून टाका. कारण साधं होतं. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्स ज्या गटात मोडतं त्या गटाचं नाव ‘हेल्थ फूड ड्रिंक्स’वरून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ असं केलं. एक शब्द गेला, दुसरा आला. जाहिरातीतल्या आरोग्याचा आपल्याकडचा इतिहास बराचसा असाच आहे: कायदा एका शब्दावर बोट ठेवतो आणि दावा शेजारच्या शब्दात जाऊन बसतो.

सुरुवात टपालापासून करायला हवी. भारतात १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू झाली आणि औषध विकणाऱ्याला गावोगाव दुकानाची गरज उरली नाही. वर्तमानपत्रात चार ओळी छापायच्या, पत्र आलं की बाटली पाठवायची, पैसे पोस्टमनने वसूल करायचे. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढलं ते याच काळात. गिरगावातल्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत मराठी घरांत पोचलं तेही जाहिरातींच्या जोरावर. त्या वेळच्या जाहिरातींत रोग क्वचितच नेमका असे. ‘अशक्तपणा’, ‘धातुक्षीणता’, ‘मेंदूचा थकवा’ अशी मोघम दुखणी असत, आणि ती मोघम असण्यातच धंदा होता. कारण ज्या दुखण्याची तपासणीच नाही त्यावरचं औषध लागू पडलं नाही, हे सिद्ध कोण करणार?

ही युक्ती फक्त देशी वैद्यांची नव्हती. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी ‘नाइट स्टार्व्हेशन’ म्हणजे रात्रीची उपासमार नावाचा आजार जन्माला घातला. झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी थकवा येतो, म्हणून झोपण्यापूर्वी एक कप घ्या. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात असा आजार नव्हता. तो जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेच्या कचेरीत तयार झाला होता.

भारत सरकारने औषधांच्या बाजाराची चौकशी करायला १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. तिच्या अहवालातून पुढे १९४० चा औषध कायदा आला. तो बाटलीत काय आहे ते बघत होता, बाटलीबद्दल काय बोललं जातं ते नाही. ती उणीव १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने भरून काढली. या कायद्याला एक परिशिष्ट आहे, त्यात ५४ रोगांची आणि अवस्थांची यादी आहे: मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब, लठ्ठपणा, कोड, संधिवात. यातलं काही बरं करतो अशी जाहिरात करायचीच नाही. मग औषध खरं असो की खोटं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत. ‘हमदर्द दवाखाना’ने या कायद्याला आव्हान दिलं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी जाहिरात म्हणजे निव्वळ व्यापार, तिला भाषणस्वातंत्र्याचं कवच मिळणार नाही. मात्र नियमांतून यादी वाटेल तशी वाढवण्याची मोकळीक आणि जप्तीचे अधिकार यांवर न्यायालयाने कात्री चालवली. त्यानुसार १९६३ मध्ये कायदा दुरुस्त झाला.

या यादीत एक नोंद आहे: माणसाची उंची. म्हणजे उंची वाढवणाऱ्या गोळीची जाहिरात तेव्हापासूनच गुन्हा आहे. आता याच कायद्यातली ‘औषध’ या शब्दाची व्याख्या पाहा. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू म्हणजे औषध, पण ‘अन्न वगळून’. अन्न वगळणं तेव्हा समजण्यासारखं होतं, नाहीतर दूध-तुपाचं कौतुकही गुन्हा ठरलं असतं. पण पुढची पन्नास वर्षं आरोग्याचा दावा या दोन शब्दांच्या फटीतूनच आत आला, असं आमचं मत आहे.

फटीची चाहूल खरं तर आधीच लागली होती. १९३७ मध्ये आलेला डालडा पुढे ‘जीवनसत्त्वयुक्त’ म्हणून विकला गेला, कारण वनस्पती तुपात तुपासारखं जीवनसत्त्व नाही हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता आणि गांधीजींचाही वनस्पतीला विरोध होता. जीवनसत्त्व खरंच घातलं जाई. पण द्रव तेल घट्ट करण्यासाठी त्यात अर्धवट हायड्रोजन मिसळला की ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते हृदयाला घातक आहे हे बऱ्याच उशिरा कळलं. भारतात त्याची मर्यादा उतरत उतरत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. डब्यावर लिहिलेलं खरं होतं. न लिहिलेलं जास्त महत्त्वाचं निघालं.

बाळाच्या दुधाच्या भुकटीचा प्रश्न मात्र सरकारने मुळातून सोडवला. गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला डबा हीच जाहिरात होती आणि त्यापायी अंगावरचं दूध लवकर तोडलं जात होतं. १९९२ च्या कायद्याने या भुकटीची जाहिरात पूर्ण बंद केली, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला मनाई केली आणि आईचं दूध सर्वोत्तम आहे हे ठळक छापायला लावलं. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या खाद्यालाही हेच नियम लागले. आरोग्याच्या दाव्याबद्दलचा आपल्याकडचा हा सर्वांत कडक कायदा, आणि तो चालतो, कारण त्यात ‘दिशाभूल झाली का’ हा प्रश्नच येत नाही. जाहिरात दिसली की गुन्हा झाला.

दोन वर्षांच्या पुढचं मूल मात्र मोकळ्या बाजारात राहिलं. दूरदर्शन घरोघर आल्यावर माल्टच्या पेयांनी आधी ताकद विकली, मग उंची, मग बुद्धी. ‘टॉलर, स्ट्राँगर, शार्पर’ ही हॉर्लिक्सची ओळ यातलीच. २००८ मध्ये बांगलादेशासाठी केलेली ही जाहिरात एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात मानक संस्थेने दावा सिद्ध होत नाही म्हणून ती थांबवली. इकडे ती चालूच होती.

अशा पेयाचं गणित करून पाहण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका चित्रफितीनंतर बोर्नव्हिटातल्या साखरेचा वाद पेटला, तेव्हा १०० ग्रॅम भुकटीत ३७.४ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. कंपनीचं म्हणणं, २० ग्रॅमच्या एका मापात ती ७.५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फरक मोजायच्या मापाचा. दुसरा खेळ दुधाचा. डब्याच्या दर्शनी बाजूला प्रथिनं आणि कॅल्शियम कपभर तयार पेयातलं सांगितलं असेल, तर त्यात २०० मिली दूध धरलेलं असतं. त्या दुधात स्वतःचीच सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. २० ग्रॅम भुकटीत १०० ग्रॅममागे ७ ग्रॅम या दराने प्रथिनं असली, तर ती जेमतेम १.४ ग्रॅम भरतात. श्रेय मात्र डब्याला. म्हणून रकाना नेहमी ‘प्रति १०० ग्रॅम’चा वाचावा. डिसेंबर २०२३ मध्ये बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर १४.४ टक्क्यांनी कमी केली गेली.

तेलाची तऱ्हा वेगळी. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात ते जवळपास नसतंच. तरी ‘कोलेस्टेरॉल फ्री’ हे शब्द आणि लाल बदाम वर्षानुवर्षं तेलाच्या पिशव्यांवर होते. खाद्यतेलाच्या वेष्टनावर ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘सूदिंग टू हार्ट’, ‘डबल रिफाइंड’ असे शब्द नियमांनी नाव घेऊन बंद केले, ही यादी वाचली की उद्योगाने आधी काय काय छापलं असेल याचा अंदाज येतो. हृदय कुठलंही असो, टेबलस्पूनभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतातच.

१९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल तक्रारी ऐकत होती, पण ती उद्योगाचीच स्वयंनियमन संस्था आहे. खरा बदल अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०१८ च्या जाहिरात आणि दावे विनियमांनी केला, जे १ जुलै २०१९ पासून लागू झाले. विशेषणांना आकडे मिळाले. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममागे साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘लो शुगर’साठी घन पदार्थात ५ ग्रॅम, द्रवात १०० मिलीमागे २.५ ग्रॅम. ‘लो फॅट’साठी ३ ग्रॅम आणि १.५ ग्रॅम. ‘फायबरयुक्त’ म्हणायला १०० ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम, ‘हाय फायबर’ला ६. ब्रँडच्या नावातच ‘नॅचरल’, ‘रिअल’, ‘फ्रेश’ असे शब्द असतील तर ते केवळ नाव आहे, वस्तूचं खरं स्वरूप नव्हे, अशी सूचना किमान ३ मिलीमीटरच्या अक्षरांत छापावी लागते. पाकीट उलटून पाहा, फुलीची खूण तिथे घेऊन जाईल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे.

आकडे आले म्हणजे पळवाट बुजली असं नाही. प्रथिनांचंच घ्या. ‘स्रोत’ म्हणायला दिवसाच्या गरजेच्या १० टक्के प्रथिनं १०० ग्रॅममध्ये पुरतात. प्रौढ पुरुषाची गरज ५४ ग्रॅम धरली तर झाले ५.४ ग्रॅम. घरच्या गव्हाच्या पिठात ती १० ग्रॅमच्या वर असतात. म्हणजे डब्यातली साधी कणीकही ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणून दिमाखात विकता येईल. हल्ली प्रोटीन हा शब्द ब्रेडपासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

औषधांची बाजूही दरम्यान पुन्हा तापली. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लागेल असं सांगणारा नियम क्रमांक १७० हा डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना त्याखाली कारवाई न करण्याविषयी पत्र लिहिलं आणि जुलै २०२४ मध्ये नियम वगळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, ती ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. हे सगळं चालू असताना १९५४ चा कायदा जागेवर होताच. त्याची आठवण कमी जणांना होती, एवढंच.

दावा शब्दात कसा लपतो याचं ताजं उदाहरण ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून जगवलं, तेव्हापासून या तीन अक्षरांना किंमत आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. म्हणून दोघांचं प्रमाण सारखं लागतं, वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. नेमकी अशीच गोड, कमी मिठाची पेयं नावात ही अक्षरं घालून औषधांच्या दुकानांत विकली जात होती. २०२२ मध्ये ‘हे ओआरएस नव्हे’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर त्यांना मुभा मिळाली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली गेली. रात्री अकराला जुलाब लागलेलं मूल कडेवर घेऊन दुकानात उभा असलेला बाप बारीक अक्षरं वाचत नाही.

खऱ्या पाकिटावर चार नावं असतात: लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९, मिळून २०.५ ग्रॅम. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, ते लिटरभर पाण्यात घातलं तर पातळ होतं आणि मोठं पेलाभर पाण्यात घातलं तर घातक. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.