पार्श्वभूमी : रेत्सुकोच्या चहाच्या ट्रेमागे काय आहे?

‘अग्रेत्सुको’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेची नायिका रेत्सुको ही लाल पांडा आहे. वय 25, अविवाहित, एका कंपनीच्या हिशेब विभागात कारकून. दिवसभर मान खाली घालून काम करते आणि संध्याकाळी कराओकेच्या खोलीत एकटीच डेथ मेटल, म्हणजे कर्कश रॉक संगीत, गाऊन बेंबीच्या देठापासून ओरडते. तिचा साहेब तोन हा चक्क डुक्कर. जपानी लिपीतल्या डुकराच्या अक्षराचा एक उच्चारही ‘तोन’च. तो तिच्याकडून चहा करून घेतो आणि तिला ‘कोशिकाके’ म्हणतो. शब्दशः अर्थ, टेकायचं स्टूल. लग्न जमेपर्यंत नोकरीवर टेकलेली बाई!

हा टोमणा लेखकाने घरी बसून रचलेला नाही. युद्धानंतरच्या जपानी कचेऱ्यांमध्ये तरुण मुलींना चहा देण्यासाठी आणि किरकोळ कागदपत्रांसाठी घेत, लग्न झालं की त्यांनी निघून जावं ही अपेक्षा. काही कंपन्या तर तसं आधीच लिहून घेत. सुमितोमो सिमेंटचा असा नियम टोकियोच्या न्यायालयाने 1966 मध्ये रद्द ठरवला. अपेक्षा मात्र तशीच राहिली.

1985 मध्ये समान रोजगार संधीचा कायदा मंजूर झाला, एप्रिल 1986 पासून लागू झाला. पण भरती आणि बढतीत भेदभाव करू नये यासाठी मालकांनी ‘प्रयत्न करावा’, एवढंच त्यात होतं. मग कंपन्यांनी पळवाट काढली. पुरुष-स्त्री हे शब्द गेले, दोन वाटा आल्या: ‘सोगोशोकु’, म्हणजे बदल्या आणि बढत्यांची, आणि ‘इप्पानशोकु’, म्हणजे कारकुनीची. दुसऱ्या वाटेवर कोण गेलं, हे सांगायला नको. भेदभावावर थेट बंदी आली ती 1997 च्या दुरुस्तीने, आणि तीही 1999 पासून लागू झाली. दरम्यान 1989 मध्ये लैंगिक छळासाठीचा ‘सेकुहारा’ हा शब्द जपानात घरोघरी पोचला होता. फुकुओकाच्या न्यायालयाने अशा छळाच्या खटल्यात बाईच्या बाजूने निकाल दिला तो 1992 मध्ये.

आता गंमत बघा. रेत्सुको ही सानरिओ कंपनीची निर्मिती. याच कंपनीने 1974 मध्ये हॅलो किटी हे गोंडस कार्टून पात्र आणलं, ज्याला तोंडच काढलेलं नाही. रेत्सुकोला तोंड आहे आणि तेही आ वासलेलं. 2016 मध्ये ती टीव्हीवर छोट्या भागांत आली, एप्रिल 2018 पासून नेटफ्लिक्सवर. 2023 च्या पाचव्या पर्वाने मालिका संपली.

मालिकेतली सगळी पात्रं प्राणीच, तेही इतक्या जातींचे, पण त्यांतून देश किंवा वंश सुचवलेले नाहीत. इथली विविधता स्त्री-पुरुष, वय आणि हुद्दा यांची आहे, आणि मला तेच पटतं. दुसऱ्या पर्वातला नवखा कर्मचारी अनाई साधी सूचना मिळाली तरी छळाची तक्रार करीन अशा मेल धाडतो. म्हणजे बायकांनी झगडून मिळवलेली भाषा इथे भलत्याच्या हाती लागते. आणि चौथ्या पर्वात नवा अध्यक्ष खर्च कमी करायला निघतो, तेव्हा बाहेरची वाट तोनलाही दाखवली जाते.