परवानगीचे औषध, पिवळी जर्सी : सायकल शर्यतींतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१६ मध्ये 'फॅन्सी बेअर्स' या रशियाशी जोडल्या गेलेल्या हॅकरगटाने 'वाडा' या जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या संगणकांतून खेळाडूंची वैद्यकीय कागदपत्रे पळवली आणि जगासमोर टाकली. कोणाच्याही आजारपणाचे कागद असे चव्हाट्यावर आणणे गैरच. त्यातल्या बहुतेक खेळाडूंनी काही वावगे केलेलेही नव्हते. पण त्या ढिगात ब्रॅडली विगिन्सच्या नावाचे तीन कागद होते आणि सायकल शर्यतींचे जग त्यांच्यापाशी अडून बसले.

विगिन्स हा टूर द फ्रान्स ही सायकलिंगची सर्वांत मोठी शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश. त्याने ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची ४० मिलिग्रॅमची इंजेक्शने घेतली होती. तारखा बघा. २९ जून २०११, टूर सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. २६ जून २०१२, पुन्हा टूरच्या चार दिवस आधी, आणि ती टूर त्याने जिंकली. २२ एप्रिल २०१३, इटलीतल्या जिरोच्या जेमतेम दोन आठवडे आधी. कारण दिले होते परागकणांच्या अ‍ॅलर्जीचे. तिन्ही वेळा यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, रीतसर मंजुरी दिली होती. नियम कुठेही मोडला नव्हता, आणि वादाचे मूळ नेमके तिथेच होते.

सायकल शर्यत आणि औषध यांची सोबत टूरइतकीच जुनी आहे. १९२४ मध्ये आँरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस टूर अर्धवट सोडून कुतांस गावातल्या कॅफेत बसले आणि पत्रकार आल्बेर लोंद्र यांच्यासमोर त्यांनी पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, वर गोळ्या. लपवाछपवी नव्हती, कारण मनाई नव्हती. दिवसाला तीनतीनशे, चारचारशे किलोमीटर सायकल हाकणाऱ्या माणसाला वेदना मारण्यासाठी जे मिळेल ते घ्यावेच लागते, अशी तेव्हाची समजूत. उपचार कुठे संपतो आणि उत्तेजन कुठे सुरू होते, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता.

तो पडायला माणसे मरावी लागली. फ्रान्सने १९६५ मध्ये उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दोला पहिल्यांदा तपासनीस आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी खाली उतरून चालत निषेध केला. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, इंग्लंडचा टॉम सिम्पसन मों व्हेंतूच्या उघड्याबोडक्या चढावर कोसळला आणि गेला. त्याच्या जर्सीच्या खिशात उत्तेजक अ‍ॅम्फेटामिनच्या नळ्या सापडल्या. त्यानंतर चाचण्यांना विरोध करणे अवघड झाले.

मग याद्या आल्या. यादी आली की तिच्यात फटीही येतात. १९८८ मध्ये टूरचा नेता पेद्रो देल्गादो याच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले. हे औषध मुळात संधिवातातले, युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणारे. पण स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडचा माग लपवायलाही ते उपयोगी पडते. ऑलिम्पिक समितीच्या यादीत त्याच्यावर बंदी होती, यूसीआयच्या यादीत ते अजून यायचे होते. देल्गादोने आघाडीवीराची पिवळी जर्सी राखली आणि सात मिनिटांहून अधिक फरकाने टूर जिंकली. कायद्याने तो निर्दोष ठरला. स्पेनबाहेरच्या अनेकांच्या मनात मात्र ती टूर आजही शंकेची आहे.

१९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या गाडीत सीमेवर औषधांचा साठाच पकडला गेला, आणि पुढच्या वर्षी वाडाची स्थापना झाली. त्याच १९९९ च्या टूरमध्ये लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात ट्रायमसिनोलोनचे अंश मिळाले. होय, विगिन्सच्या कागदांवरचे तेच औषध. संघाने मागची तारीख घालून एक चिठ्ठी पुढे केली : बसून बसून झालेल्या जखमेवर लावलेल्या मलमातून ते अंगात गेले. यूसीआयने ती मान्य केली. ती चिठ्ठी खोटी होती, हे २०१२ च्या अमेरिकी तपासात साक्षीदारांनी सांगितले आणि पुढे आर्मस्ट्राँगने स्वतःही कबूल केले. तेव्हाच ती नाकारली गेली असती तर आर्मस्ट्राँग टूर जिंकत गेला ती सात वर्षे कदाचित वेगळी गेली असती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की नाही, यावरच अख्खी व्यवस्था उभी आहे, म्हणून हे प्रकरण माझ्या लेखी ईपीओच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या, सगळ्या सुरस कथांपेक्षा महत्त्वाचे आहे.

त्याच्या नेमके उलटे घडले दोन वर्षांनी. २००१ च्या टूरमध्ये क्रेडिट अ‍ॅग्रिकोल संघाच्या जोनाथन वॉटर्सला डोळ्यापाशी गांधीलमाशी चावली. त्याला अ‍ॅलर्जी होती. डोळा सुजून पार मिटला. कॉर्टिसोन या स्टेरॉइडचे एक इंजेक्शन पुरेसे होते, पण तेव्हाच्या नियमांत त्या कारणासाठी त्याला परवानगी नव्हती. संघाचे प्रमुख रोजे लेजे नियमाबाहेर जायला तयार झाले नाहीत. वॉटर्सने टूर सोडली. खोट्या चिठ्ठीवाला जिंकला आणि खऱ्या दुखण्यावाला घरी गेला. आजाऱ्याला न्याय देणारी पद्धत का हवी, हे यातून कोणालाही कळेल.

ती पद्धत वाडाने आणली. उपचारासाठी सवलत, तिचे रूढ नाव टीयूई. बंदी असलेले औषध एखाद्याला खरोखरच लागत असेल, त्याच्याशिवाय तब्येत बिघडणार असेल, दुसरा योग्य पर्याय नसेल आणि त्या औषधाने माणूस आपल्या नेहमीच्या निरोगी अवस्थेपर्यंतच येणार असेल, त्याच्या पुढे जाणार नसेल, तर परवानगी मिळते. मला ही पद्धत मनापासून योग्य वाटते. टीम नोव्हो नॉर्डिस्क हा व्यावसायिक संघच बघा. त्यातला प्रत्येक सायकलपटू टाइप १ मधुमेही आहे. इन्सुलिन वाडाच्या यादीत बारमाही निषिद्ध आहे, आणि इन्सुलिनवाचून ही मुले जगूच शकत नाहीत. टीयूई नसती तर त्यांच्यासाठी स्पर्धेची दारे कायमची बंद झाली असती.

दम्याचेही तसेच. तासन्‌तास जोरजोराने थंड, कोरडी, परागकणांनी भरलेली हवा ओढल्याने दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंच्या श्वासनळ्या आकसतात आणि हे त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा जास्त आढळते. आपल्याकडे घरोघरी 'अस्थालिन'चा पंप म्हणून जे ओळखले जाते ते साल्ब्युटामोल, पंपाने ठरावीक प्रमाणात ओढले तर आता टीयूईशिवाय चालते : २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत. पण त्याच्याच जातकुळीतल्या टर्ब्युटालिनला परवानगी लागते. २०१६ मध्ये सायमन येट्सच्या संघाच्या डॉक्टरकडून तो अर्ज करायचा राहून गेला आणि येट्सला चार महिने बाहेर बसावे लागले. मुद्दाम केलेले नव्हते हे यूसीआयनेही मान्य केले होते.

विगिन्सकडे परतू. पंप ओढणे वेगळे आणि स्नायूत ट्रायमसिनोलोन टोचणे वेगळे. स्नायूत दिलेले हे स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे शरीरात झिरपत राहते. सूज आणि वेदना कमी करते हे खरे, पण त्याच्या जोरावर ताकद न गमावता वजन उतरवता येते, हे सायकलपटूंमध्ये कधीपासूनच माहीत होते. डेव्हिड मिलर हा स्वतः बंदी भोगून आलेला स्कॉटिश सायकलपटू. त्याने घेतलेल्या औषधांत हे सर्वांत जालीम होते, असे त्याने उघड सांगितले आहे. डोंगरचढणीत वजनाच्या दर किलोमागे किती वॉट ताकद लागते त्यावर टूर ठरते, त्यामुळे दोन किलोंची किंमत काय, हे समजावून सांगायला नको. अ‍ॅलर्जीवर साधारणपणे आधी नाकातले फवारे, गोळ्या वापरतात. हंगामाच्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या तोंडावर, लक्षणे वाढायच्या आत, एवढे जड औषध का?

विगिन्सचे उत्तर होते की त्याला आघाडी नको होती, इतरांच्या बरोबरीने उभे राहायचे होते. ब्रिटिश संसदेच्या क्रीडाविषयक समितीला ते पटले नाही. मार्च २०१८ च्या अहवालात समितीने लिहिले की टीम स्काय या विगिन्सच्या संघाने हे औषध उपचारापुरते न वापरता ताकद आणि वजनाचे गुणोत्तर सुधारण्यासाठी वापरले आणि नैतिकतेची रेषा ओलांडली. विगिन्स आणि संघ दोघांनीही हे ठामपणे नाकारले. शोध पुढे सरकेना, कारण नोंदीच नव्हत्या. २०११ मध्ये दोफिने शर्यतीच्या शेवटी विगिन्ससाठी संघाकडे पोचलेल्या पाकिटात काय होते, हे ब्रिटिश उत्तेजक प्रतिबंधक संस्थेला सिद्ध करता आले नाही. संघाचे डॉक्टर रिचर्ड फ्रीमन यांचा लॅपटॉप ग्रीसमध्ये चोरीला गेल्याचे सांगण्यात आले. मँचेस्टरला मागवलेल्या टेस्टोस्टेरॉन जेलच्या वेगळ्या प्रकरणात फ्रीमन यांचे नाव २०२१ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. 'शून्य सहनशीलता' जाहीर करून उभ्या राहिलेल्या संघाकडे औषधांचा नीट हिशेब नसावा, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच संघाचा ख्रिस फ्रूम २०१७ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, अडकला. ७ सप्टेंबरच्या नमुन्यात साल्ब्युटामोल मिलिलिटरला २,००० नॅनोग्रॅम, मर्यादेच्या दुप्पट. परवानगीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता मात्रेचा. प्रकरण नऊ महिन्यांहून अधिक चालले, मधल्या काळात फ्रूमने जिरो जिंकली, आणि जुलै २०१८ मध्ये वाडाच्या सल्ल्यावरून यूसीआयने प्रकरण मिटवले. पंपातून तेवढेच ओढूनही लघवीतले प्रमाण शरीरागणिक, पाणी किती कमी झाले त्यागणिक फार बदलते, हा त्यामागचा विचार. विज्ञान म्हणून तो चुकीचा नाही. पण २००७ च्या जिरोत पाच टप्पे जिंकणारा अलेसांद्रो पेटाकी याच औषधाची मर्यादा ओलांडल्याबद्दल पकडला गेला होता. त्याचा हेतू फसवणुकीचा नव्हता हे क्रीडा लवादानेही मानले, तरी त्याला बंदी भोगावी लागली आणि ते पाचही विजय गेले. ते त्याला कोणी परत दिले नाहीत.

यादीत नसलेल्या औषधांची कथा त्याहून सरळ आहे. ट्रामाडोल ही जोरदार वेदनाशामक गोळी वर्षानुवर्षे शर्यतींत खुलेआम चालत होती. तिने गुंगी येते, भान सुटते, आणि दीडशे सायकली चिकटून धावताना एकाचे भान सुटले की वीस जण रस्त्यावर पडतात. यूसीआयने मार्च २०१९ पासून आपल्या वैद्यकीय नियमांत तिला बंदी घातली, वाडाने थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात, २०२२ च्या टूरमध्ये सहावा आलेला कोलंबियाचा नाइरो किंताना तिच्यामुळे निकालातून बाद झाला. तो वाडाच्या लेखी गुन्हा नव्हता, म्हणून बंदी मात्र झाली नाही.

वाट दाखवली ती संघांनीच. २००७ मध्ये काही संघांनी मिळून एमपीसीसी ही विश्वासार्ह सायकलिंगची चळवळ उभी केली. तिचे प्रमुख पुढे तेच रोजे लेजे झाले. त्यांचा नियम असा : शर्यतीआधी कॉर्टिसोल हे शरीरात बनणारे संप्रेरक तपासायचे, ते कमी भरले तर किमान आठ दिवस शर्यत नाही. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे थांबवते आणि अशा अवस्थेत मोठा अपघात झाला तर जिवावर बेतू शकते, म्हणून हा नियम आधी तब्येतीचा आहे. २०१४ मध्ये ख्रिस हॉर्नर, व्हुएल्टाचा गतविजेता, ब्राँकायटिससाठी कॉर्टिसोन घेत होता. टीयूई खिशात होती. तरी कॉर्टिसोल कमी निघाले आणि त्याचा लाम्प्रे संघ सदस्य असल्याने तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला नाही. त्याच वर्षी रोमांदी शर्यतीत फ्रूमने प्रेड्निसोलोन या स्टेरॉइडची टीयूई घेतली आणि शर्यत जिंकली. टीम स्काय एमपीसीसीत नव्हता. पुढे यूसीआयने टीयूईसाठी तीन तज्ज्ञांचे एकमत लागेल असे ठरवले.

२०२२ पासून वाडाने स्पर्धेच्या काळात ट्रायमसिनोलोनसारख्या स्टेरॉइडचे कुठलेही इंजेक्शन निषिद्ध केले आहे. औषध अंगातून जायला किती दिवस धरायचे याचा तक्ताही दिला आहे, आणि त्यात स्नायूत दिलेल्या ट्रायमसिनोलोनला ६० दिवस लावले आहेत. २०१२ ची टूर २२ जुलैला संपली. २६ जूनचे इंजेक्शन आजच्या तक्त्यात त्या टूरमध्ये बसत नाही. टीयूईचे दार मात्र उघडेच आहे, आणि एमपीसीसीत यायचे की नाही हे अजूनही प्रत्येक संघाच्या मर्जीवर आहे. ज्याला अंगभर स्टेरॉइड लागते तो त्या आठवड्यात आजारी आहे आणि आजाऱ्याने बरे होऊन शर्यतीला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हॉर्नरला लागू झालेला आठ दिवसांचा नियम यूसीआयने सगळ्या संघांना सक्तीचा करायला हवा.