दोन टिंबांच्या पोटातला 'ई'

जर्मन भाषा आणि संस्कृतीचं काम करणारी गटे इन्स्टिट्यूट ही संस्था जगभर याच नावाने ओळखली जाते. भारतातल्या तिच्या शाखांना मात्र मॅक्स म्युलर भवन म्हणतात, आणि पुण्यात जर्मन शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या तोंडी हेच नाव आहे. रोमन लिपीत ही दोन्ही नावं लिहिली की एक गोष्ट नजरेत भरते. गटेच्या नावात 'ओ'च्या मागे 'ई' येतो, म्युलरच्या नावात 'यू'च्या मागे. दोन्हीकडे तो वेगळा उच्चारायचा नसतो. (मराठीत 'गोएथे' असं जे लिहिलेलं दिसतं ते तो चुकून वेगळा वाचल्यामुळे.) म्युलर हे आडनाव जर्मनीत सहसा 'यू'वर दोन टिंबं देऊन लिहितात. त्यामुळे टिंबांची सोय नसलेल्या इंग्रजी टंकावर 'ई' घालून भागवलं असेल, असं वाटतं. टंकापुरतं ते बरोबरही आहे. इतिहास मात्र उलटा आहे. आधी 'ई' होता, टिंबं पुष्कळ नंतर आली. गटेच्या नावात तर जर्मनीतही कोणी टिंबं देत नाही, कारण कवी गटे स्वतः 'ई' घालूनच सही करायचा.

या गोष्टीची सुरुवात लिपीत नाही, जिभेत आहे. जुन्या जर्मन बोलींमध्ये शब्दाच्या शेवटी इकार किंवा यकार येत असला, तर त्याची चाहूल लागून आधीचा स्वर बदलू लागला. आ, ओ, ऊ हे स्वर पुढे सरकले. पाहुण्याला 'गास्ट' म्हणत. अनेकवचनात शेवटी 'इ' होती, म्हणून त्याचं 'गेस्टि' झालं. पुढे ती शेवटची 'इ' झिजून पुसट झाली, तरी तिच्यामुळे बदललेला स्वर तसाच राहिला. इंग्रजीचंही हेच झालं. फूट-फीट, माऊस-माइस, मॅन-मेन ही शाळेत 'अपवाद' म्हणून पाठ करून घेतलेली अनेकवचनं म्हणजे त्याच बदलाचे अवशेष आहेत. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम बंधूंपैकी याकोब हा मुळात भाषेचा अभ्यासक. त्याने १८१९ साली आपल्या जर्मन व्याकरणात या बदलासाठी 'उमलाउट' ही संज्ञा वापरली आणि ती रूढ झाली. म्हणजे नाव स्वरबदलाचं. टिंबांना ते मागाहून चिकटलं.

हे नवे स्वर लिहायचे कसे, हा प्रश्न मध्ययुगातल्या लेखनिकांपुढे होता. लिपी लॅटिनची, आणि लॅटिनमध्ये हे स्वरच नव्हते. कोणी काहीच खूण करत नसे, कोणी मूळ स्वराशेजारी 'ई' लिही. कोणी तोच 'ई' बारीक करून स्वराच्या डोक्यावर बसवी. ही शेवटची पद्धत हळूहळू टिकली. जर्मनांच्या जुन्या धावत्या हस्ताक्षरात 'ई' आजच्यासारखा गोल नव्हता. एकमेकींना जोडलेल्या दोन उभ्या तिरक्या रेघा, असं त्याचं रूप होतं. तो डोक्यावर चढला की दोन बारक्या रेघाच उरत. लिहिण्याच्या घाईत त्यांचीच दोन टिंबं झाली. याच हस्ताक्षरात 'यू' आणि 'एन' हुबेहूब सारखे दिसायचे, म्हणून साध्या 'यू'वरही ओळखीसाठी एक छोटी कमान काढत. जुनी जर्मन पत्रं वाचताना नवख्या माणसाला प्रत्येक ओळीवर काहीतरी भिरभिरताना दिसतं ते त्यामुळे.

छापखान्यांनी हा बारीक 'ई' लगेच सोडला नाही. गॉथिक वळणाच्या जर्मन छपाईत तो स्वरांवर दिमाखाने बसलेला दिसतो. टिंबांचं पारडं जड झालं ते एकोणिसाव्या शतकात. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांची अडचण तर निराळीच होती. खिळ्यावर त्यांच्या डोक्यापाशी जागाच नसे, मग 'ई' शेजारी उतरवावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये ही सवय अजून टिकून आहे. तिथे जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांसाठी एकच कळफलक चालतो, आणि त्याच्या कळा फ्रेंच अक्षरांशी वाटून घेतल्यामुळे टिंबवाल्या मोठ्या अक्षरांना स्वतःची कळ मिळालेली नाही. झ्युरिकच्या नकाशात अॉर्लिकोन हा भाग किंवा उटलिबर्ग ही टेकडी पाहावी. दोन्ही नावांत पहिल्या अक्षरावर टिंबं नाहीत, पुढे 'ई' आहे. पण दिसेल तो 'ई' टिंबांचाच धरावा, तर तेही चालत नाही. जर्मनीच्या पश्चिम भागात झोस्ट नावाचं गाव आहे. त्याच्या स्पेलिंगमधला 'ई' फक्त आधीचा 'ओ' लांबवतो. परगावचे लोक त्या नावाचा उच्चार हमखास चुकवतात.

आता या टिंबांचा एक तोतया भाऊ. फ्रेंचमधल्या नोएल या शब्दावर, इंग्रजीतल्या 'नाईव्ह'वर काही लोक देतात ती टिंबं, किंवा ब्राँटी भगिनींच्या आडनावातल्या शेवटच्या 'ई'वरची टिंबं जर्मन नव्हेत. त्यांचं घराणं ग्रीक हस्तलिखितांतलं आणि काम नेमकं उलटं. शेजारच्या स्वरात मिसळू नको, वेगळा उच्चार कर, एवढंच ती सांगतात. ब्राँटींचे वडील आयर्लंडचे; घरचं आडनाव ब्रंटी. ते इंग्लंडमध्ये जरा भारदस्त केलं, आणि शेवटचा 'ई' कोणी गिळू नये म्हणून त्यावर टिंबं आली. 'न्यू यॉर्कर' हे अमेरिकी साप्ताहिक आजही 'कोऑपरेट'मधल्या दुसऱ्या 'ओ'वर ती देतं आणि त्याबद्दल वाचकांची थट्टा सहन करतं. मला ही हट्टाची बाब आवडते. दोन निराळ्या खुणा दिसायला इतक्या सारख्या झाल्या, की संगणकाच्या युनिकोड तक्त्यात दोघींना मिळून एकच जागा मिळाली.

लेखनिकांची ही युक्ती एकट्या जर्मनांची नव्हे. चर्मपत्र महाग आणि हात थकलेला, तेव्हा दुहेरी अक्षरातलं एक वर चढवणं सगळ्यांनाच सोयीचं. स्पॅनिशमधल्या 'एन्ये'वरची लाट म्हणजे मुळात दुसरा 'एन'. स्वीडिश 'ए'वरचं वर्तुळ म्हणजे बारीक झालेला 'ओ'. फ्रेंच 'सी'खाली लोंबणारी शेपटी म्हणजे छोटा 'झेड'. स्पेनने तर एन्येसाठी भांडण केलं. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या संगणकांच्या कळफलकावर हे अक्षर असलंच पाहिजे, हा स्पेनचा नियम खुल्या व्यापाराच्या आड येतो, असा आक्षेप युरोपीय समुदायाने १९९१ साली घेतला. स्पेन हटला नाही, आणि १९९३ मध्ये संस्कृतीच्या सवलतीचा आधार घेऊन तो नियम कायम ठेवला.

फ्रेंचमधल्या टोपीची कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. 'ओपिताल' म्हणजे इस्पितळ. त्यातल्या 'ओ'वरची टोपी गळून गेलेल्या 'एस'ची आठवण आहे. १९९० साली काही स्वरांवरची ही टोपी ऐच्छिक करण्याची शिफारस झाली. पुढे २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांत ती लागू होणार म्हटल्यावर फ्रान्सभर ओरड झाली, आणि टोपीच्या बचावासाठी घोषणाही निघाल्या. आपल्याकडे हाच विषय १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी निकालात काढला. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'पांच'वरच्या टिंबात संस्कृत 'पञ्च'मधला ञ होता, 'गांव'वरच्या टिंबात 'ग्राम'मधला म. नव्या पिढीला ते टिंब म्हणजे जुन्या पुस्तकांतली शाईची शिंतोडी वाटते. गंमत अशी, की हाकललेलं टिंब दुसऱ्या दाराने परत आलं. 'केलं', 'गेलं', 'नावं' यांत आपण ते देतो, पण तिथे नाकात बोलायचं नसतं. आधीचा अ जरा लांबवायचा, एवढंच ते सांगतं.

उमलाउटचा मान मात्र देशागणिक बदलतो. जर्मन शब्दकोशात टिंबवाला 'ए' साध्या 'ए'च्याच रांगेत बसतो. टेलिफोनच्या जुन्या याद्यांमध्ये मात्र त्याला 'ए' अधिक 'ई' समजून लावत, म्हणजे तिथे त्याचा पूर्वज शाबूत होता. स्वीडिश आणि फिनिशमध्ये ती स्वतंत्र अक्षरं आहेत, 'झेड'च्याही नंतरची. स्वीडिशमध्ये टिंबवाला एकटा 'ओ' हा पुरा शब्द असून त्याचा अर्थ बेट. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी टाकून रोमन घेतली तेव्हा टिंबवाले 'ओ' आणि 'यू' दोन्ही घेतले, आणि वर बिनटिंबाचा 'आय' हे एक वेगळं अक्षर केलं. तुर्की भाषेत टिंब असणं आणि नसणं ही दोन अक्षरं आहेत.

ज्यांच्या भाषेत ती नाहीत त्यांना ही टिंबं शोभेची वाटतात. 'मोटरहेड' हा इंग्लिश बँड १९७५ सालचा, त्याआधीचा अमेरिकेतला 'ब्लू ऑयस्टर कल्ट', नंतरचा 'मॉटली क्रू' – सगळ्यांनी नावात टिंबं पेरली, कारण ती जर्मन, जड आणि थोडी भीतीदायक दिसतात. ब्रॉंक्समधल्या रूबेन मॅटस यांना उलट डेन्मार्कच्या दुधा-लोण्याची आठवण करून द्यायची होती, म्हणून त्यांनी १९६०च्या सुमारास आपल्या आइस्क्रीमला 'हागेन-डाझ' हे संपूर्ण बनावट नाव दिलं. पहिल्या 'ए'वर टिंबं आहेत. डॅनिश लिपीत ते अक्षरच नाही. जर्मन माणसाला मात्र यात शोभा दिसत नाही. 'शोन' म्हणजे 'आधीच', 'श्योन' म्हणजे 'सुंदर'. 'मुटर' एक आई, 'म्युटर' अनेक आया. टिंबं काढली तर शोभा जात नाही, शब्दच बदलतो.

संगणकाने पहिल्या फेरीत त्यांना बाहेरच ठेवलं. १९६३ सालच्या अमेरिकी 'अॅस्की' अक्षरसंचात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीपुरत्या. जर्मन प्रमाण संचाने त्यातल्या चौकोनी आणि महिरपी कंसांच्या जागा टिंबवाल्या अक्षरांना दिल्या. परिणाम असा, की अमेरिकेत लिहिलेली आज्ञावली जर्मन पडद्यावर उघडली की प्रत्येक कंसाच्या जागी टिंबवाला स्वर उभा. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट ज्यांनी हाताळले, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. जर्मन संकेतस्थळांच्या पत्त्यांत टिंबांना परवानगी मिळायला २००४ साल उजाडलं. पारपत्रावर अजूनही दोन रूपं नांदतात. छापील नावात टिंबं असतात, आणि खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत पुन्हा 'ई'.

एवढं सगळं होऊनही जर्मनांनी टिंबं कमी केली नाहीत. १९९६च्या लेखनसुधारणेत उलट ती वाढवली. देठाला म्हणतात 'श्टेंगल', पूर्वी 'ई'ने लिहीत; आता 'श्टांगे' म्हणजे काठी या शब्दाशी असलेलं नातं दिसावं म्हणून टिंबवाला 'ए' आला. उच्चारात काहीच फरक नाही, नातं फक्त डोळ्यांना दिसतं. हे समजण्यासारखं आहे. पण त्याच ओघात 'क्वेंटशेन', म्हणजे चिमूटभर, या शब्दालाही टिंबं मिळाली, तो 'क्वांटम'शी जोडून. शब्द खरा आलाय लॅटिनमधल्या 'पाचवा' या अर्थाच्या 'क्विंटुस'वरून. म्हणजे इथे आटून टिंबं व्हायला मुळात कोणता 'ई' स्वरावर चढलाच नव्हता. या आणि अशा कारणांनी 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' हे वृत्तपत्र २००० साली रागाने जुन्या लेखनाकडे परत गेलं, आणि २००७ मध्ये, तोवर सुधारणेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्यावर, पुन्हा नव्याकडे आलं. क्वेंटशेनवरची टिंबं मात्र कोशात कायम आहेत.